गाव : लंडन, तक्रार : सर्दी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक एका मोटारीचं दुखणं ऐकत बसले होते. मोटार म्हणजे विहिरीवरची, पाणी उपसायची. हातभर लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्या अंगावर टेकवलेलं, मूठ स्वतःच्या कानामागच्या हाडावर दाबलेली आणि डोळे मिटलेले. मी "नमस्कार, खोलीसाठी आलेय" म्हटलं, तर डोळे न उघडता त्यांनी उजव्या हाताचं एक बोट वर केलं. मी थांबले. त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर एक टेपरेकॉर्डर होता आणि त्यातून हजारो माणसांचा गलका येत होता.

"मॅच लावलीय का?" मी विचारलं.

"न्हाय. आजून सुरू व्हायचं हाय."

काय सुरू व्हायचंय ते कळेना. गलका दोन-तीन मिनिटं तसाच चालला. मध्ये कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी खोकलं, आणि मग एकदम गिटारीचा असा दणका बसला की मी एक पायरी मागे सरले. त्यांनी डोळे उघडले. "बेअरिंग गेलंय," मोटारीकडे बोट दाखवून ते म्हणाले. मग टेपकडे बोट दाखवलं. "ह्यो मातुर झकास हाय. खोली वर हाय, बाई. अक्का दावंल."

मी कॉलेजात शिकवते हे अजून सांगायचंच होतं, पण चष्मा लावलेली आणि काखेत पर्स असलेली प्रत्येक स्त्री त्यांच्या लेखी बाईच होती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. साताऱ्याहून मी कोल्हापुरात आले होते, एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायला. उद्यमनगरच्या अलीकडच्या गल्लीत हे घर. पुढे मोटार रिवाइंडिंगचं दुकान, मागे त्यांचा संसार, वर माझी खोली. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी गुंडाळायची, हा धंदा. मालकांना अख्खी गल्ली अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. माणसं कर्नाटकच्या वेशीजवळची, त्यांच्यात अशी नावं चालतात. पहिला आठवडाभर मी त्या दोघांना बहीणभाऊ समजत होते, हे अक्कांना मी कधीच सांगितलं नाही.

अण्णांना रॉकचा नाद होता. कपाळाला भस्माची तीन बोटं, अंगात ग्रीसचे डाग पडलेला बनियन, सोमवारचा उपास, आणि कानात विलायती गिटार. बेळगावला डिप्लोमा करताना हॉस्टेलच्या खोलीत गोव्याचा एक मुलगा त्यांच्याबरोबर होता. त्याच्याकडे एक गिटार होती आणि एक कॅसेट. त्या कॅसेटनं अण्णांचं एक अख्खं वर्ष खाल्लं. पुढे मित्र गोव्यातल्या हॉटेलांत वाजवायला लागला आणि परदेशी पाहुण्यांकडून मिळतील त्या कॅसेटी पोस्टानं अण्णांना पाठवत राहिला. अण्णा दुकानात बसले ते बसलेच. ज्या संगीतासाठी हा माणूस जीव टाकायचा ते त्यानं समोर बसून एकदाही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी प्रत्यक्ष ऐकलेली गिटार म्हणजे मित्राची आणि गणपतीतल्या ऑर्केस्ट्राची.

ऐकायचे तेही एकाच बँडचं. चौघांचा बँड. त्यांची खरी नावं अण्णांना पाठ होती, पण तोंडात कधी यायची नाहीत. गाणारा तो थोरला. गिटारवाला धाकटा. ड्रम बडवणारा पैलवान. चौथा बेस वाजवायचा आणि स्टेजवर अवाक्षर बोलायचा नाही, म्हणून तो मुका. अण्णा त्यांच्याबद्दल भावकीतल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलायचे. "थोरल्याचं आनि धाकट्याचं परत वाजलंय, बाई. गेल्या सालापास्नं एका गाडीत बसत न्हाईत." शेजारच्या काकूंनी हे ऐकलं आणि मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "कुणाच्या वाटण्या चालल्यात हो?"

दुकानात आलेल्या प्रत्येक मोटारीला तारेनं पुठ्ठ्याची एक चिठ्ठी बांधायची पद्धत होती. चिठ्ठीवर छापलेलं असायचं : गाव, नाव, एचपी, तक्रार. शेतकरी सांगेल ते अण्णा त्यात लिहून घेत. आणि हीच चिठ्ठी त्यांनी कॅसेटींनाही लावली होती. गाव : न्यूयॉर्क. नाव : चौघं. तक्रार : पैलवान घाईत, धाकटा रागात. गाव : टोकियो. तक्रार : पब्लिक लई सभ्य. गाव : लंडन. तक्रार : थोरल्याला सर्दी. भिंतीवर खिळ्यांच्या रांगा होत्या. मोटारींचे सुटे भाग आणि कॅसेटींच्या पिशव्या त्यांवर शेजारी शेजारी लटकायच्या. शिरोळ, नेसरी, लंडन, गडहिंग्लज असा सगळा एकच तालुका असल्यासारखा.

तक्रारीचा रकाना रिकामा असलेली चिठ्ठी मात्र मला कधी सापडली नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "तक्रार न्हाय ती मोटार माझ्याकडं कशाला यील, बाई? गान्याचं बी तसंच हाय."

कारण अण्णा फक्त लाइव्ह ऐकायचे. गर्दीत कुणीतरी कोटाच्या आत टेपरेकॉर्डर लपवून धरलेला, त्याची कॉपी, त्या कॉपीची कॉपी, असं सातव्या हाताचं काहीतरी. मला त्यात निम्मी खरखरच ऐकू यायची. गोव्याच्या मित्रानं एकदा हौसेनं त्याच बँडची कंपनीची नवी कोरी कॅसेट पाठवली, स्टुडिओतली. अण्णांनी ती एकदा ऐकली आणि काढून ठेवली. "लग्नाच्या आल्बमातला फोटो हाय ह्यो. पावडर लावून, मान वाकडी करून. मानूस आसा कुठं असतोय व्हय?" त्या कॅसेटच्या डबीत पुढे अक्कांच्या सेफ्टी पिना राहायला गेल्या.

लाइव्हमध्ये त्यांना चुका लागायच्या. न्यूयॉर्कच्या कॅसेटमध्ये थोरला तिसऱ्या कडव्याचे शब्द विसरतो आणि पब्लिक ते म्हणून देतं. तिथं अण्णा हातातलं काम थांबवायचे. "बघा, गावानं सांभाळून घेतलं." कोण कुठे शिट्टी मारतो, कोण कुठे ओरडतो, हे त्यांना गाण्याइतकंच पाठ होतं. एकदा टेपमधल्या कुणीतरी शिंकायच्या आधीच ते "सत्य हाय" म्हणाले होते.

पावसाळ्यानंतर दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. शिरोळकडे कृष्णेचं पाणी चढलं की पुरात बुडालेल्या मोटारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून यायच्या. त्या धुवायच्या, वाळवायच्या, आणि तोवर शेतकरी बाकड्यावर बसून धाकट्याची गिटार ऐकायचे. एका शिरोळच्या पाहुण्यानं पाच मिनिटं कसंबसं सोसलं.

"अण्णा, कुनाची मोटार जळाल्या ही?"

"पावनं, गप ऐका. जळायची हाय आजून."

पाहुणे गप बसले. गाणं पेटलं तसे त्यांचे पाय हलायला लागले. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "ह्यो बडवनारा कोन म्हनायचा?" "पैलवान," अण्णा म्हणाले. "तरीच," पाहुणे म्हणाले आणि समाधानानं गेले.

माझ्याकडे आईची बाजाची पेटी होती. भावगीतं मी बरी वाजवायचे. एका रविवारी अण्णा जिन्यात उभे राहून म्हणाले, "बाई, ह्ये गानं कुठल्या पट्टीत हाय ते सांगाल काय?" मी पेटी खाली आणली. चौघांचं एक गाणं होतं, प्रत्येक कार्यक्रमात शेवटी म्हणायचे ते. सर्वांत जुन्या कॅसेटमध्ये ते काळी चारमध्ये निघालं. दहा वर्षांनंतरच्या कॅसेटमध्ये पांढरी पाच. त्यानंतरच्या एकात काळी तीन. मी शिक्षिकेच्या आवाजात म्हटलं, "अण्णा, टेप हळू फिरली तरी पट्टी उतरते. हा पुरावा होत नाही."

अण्णांनी मला दुकानाच्या मागच्या ट्रान्सफॉर्मरजवळ नेलं. "ह्यो घूं करतोय न्हवं? पन्नास सायकल. लंडनचा करंट बी पन्नासच हाय. गानं सुरू व्हायच्या आदी टेपमदी त्यांची मशिनं आसंच घूं करत्यात. दोन्ही घूं जुळले की टेप बरोबर चालल्याय म्हनायचं." तपासलं. जुळले. वीस वर्षं शिकवलं असतं तरी मला जे सुचलं नसतं ते या माणसानं मोटारी ऐकत ऐकत काढलं होतं. पुढच्या सोमवारी मी ते वर्गात सांगितलं आणि अण्णांचं नाव घ्यायला विसरले, याची मला अजून लाज वाटते.

तेव्हापासून चिठ्ठीवरच्या एचपीच्या रकान्यात पट्टी लिहिली जाऊ लागली. मी पेटीवर काढायची, अण्णांनी लिहायची. थोरला दर दहा वर्षांनी अर्धी पायरी खाली येत होता. यावरून आमचं वाजायचं. माझं मत ठाम होतं. लहानपणी साताऱ्यात मी एका थकलेल्या गायकाचं गाणं ऐकलं होतं, आणि लोकांची चुळबुळ बघून मलाच रडू आलं होतं. "कलावंतानं वेळेवर थांबावं," मी म्हणायचे. "लोकांनी उठून जायच्या आधी."

"आनि मोटार जुनी झाली म्हनून शेत पडीक टाकायचं व्हय? प्रेशर कमी हुतंय, बाई. पानी यितंय की."

मग ते मला नव्वदनंतरची एक कॅसेट ऐकवायचे. त्यात वरच्या जागेवर थोरल्याचा आवाज फाटतो, आणि तो मोठ्यानं हसतो. त्याच्यामागून सगळं मैदान हसतं. "ज्वान हुता तवा आसं झालं आसतं तर माइक आपटून गेला आसता. आता हसतोय. ह्ये त्या काळी चारमदी न्हवतं, बाई." मला पटायचं नाही. पण ते हसू मला आवडायचं, आणि अण्णांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसायचं.

या सगळ्या गोतावळ्यात लंडनच्या कॅसेटचा मान पहिला. थोरला तेव्हा तिशीत, त्या दिवशी सर्दीनं नाक चोंदलेलं, बोलताना आवाज घोगरा. आणि शेवटच्या गाण्यात तो एक वरचा सूर धरतो तो सोडतच नाही. पंधरा सेकंद. मी घड्याळ लावून मोजले होते. वाद्यं थांबतात, पब्लिक गप्प होतं, आणि मग टाळ्यांचा पाऊस. तो सूर यायच्या आधी अण्णा बोट वर करायचे. तेवढा वेळ दुकानात हातोडी उचलायची नाही, की पाहुण्यांनी तंबाखू चोळायची नाही, असा नियम होता.

रोज वाजून ती कॅसेट झिजत चालली. माझ्याकडे दोन कप्प्यांचा नवा टेपरेकॉर्डर आला होता. अण्णांनी कॅसेट दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. "एक कॉपी काढून द्या. तुमच्याबिगर कुनाला देनार न्हाय."

संध्याकाळची वेळ होती. आधी आवाज नीट येतोय का बघावं म्हणून मी शेवटचं गाणं लावलं. रमले. सूर लागणार इतक्यात आठवलं की आपण कॉपी काढायला बसलोय. थांबवलं. कोरी कॅसेट दुसऱ्या कप्प्यात घातली आणि दोन्ही बटणं दाबली. लाल दिवा लागला. मी खूश होऊन बघत बसले. खालून अक्कांची रोजची हाक आली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गवळी म्हैस आणून उभी करायचा आणि ज्याच्या त्याच्या भांड्यात समोर धार काढून द्यायचा. अक्कांचा आवाज खणखणीत.

"बाई, दूध आलंय! भांडं आणा!"

पाठोपाठ म्हैस ओरडली. मी भांडं घेऊन दारापर्यंत गेले आणि मागे वळून बघितलं, तर कोरी कॅसेट जागची हललेली नव्हती. फिरत होती ती लंडनची. रेकॉर्डिंगच्या कप्प्यात मी तीच ठेवली होती, आणि टेपरेकॉर्डरच्या अंगच्या माइकमधून खोलीतला आवाज तिच्यावर चढत होता. झेप घेऊन बटण दाबलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. फिजिक्सची शिक्षिका मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन सांगितलं. अण्णांनी कॅसेट लावली. गाणं आलं, चढत गेलं, वाद्यं थांबली. अण्णांचं बोट वर गेलं. खट. "बाई, दूध आलंय! भांडं आणा!" म्हैस. खट. आणि लंडनच्या हजारो माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

अक्कांनी पदर तोंडाला लावला. अण्णांनी टेप बंद केला आणि मोटार उघडायला घेतली. तीन दिवस दुकानात गाणं लागलं नाही. मी गोव्याच्या मित्राला पत्र टाकलं, त्याचं उलट टपाली उत्तर आलं की त्याच्याकडची कॅसेट कधीच खराब झाली, अण्णांकडे होती ती शेवटची. मी दुसरी खोली शोधायला लागले. इतकं अपराधी मला आयुष्यात फार कमी वेळा वाटलंय.

पुढच्या आठवड्यात कॉलेजातून येत होते, तर गल्लीच्या टोकाशीच ओळखीचं गाणं ऐकू आलं. लंडनचं. मी दुकानाच्या पायरीवर थांबले. बोट वर होतं. पाहुणे बाकड्यावर गप्प. खट. "बाई, दूध आलंय! भांडं आणा!" पाहुणे दचकले. टाळ्या झाल्या. अण्णांनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "थोरल्याला सर्दी" याच्या खाली लिहिलं होतं : "अक्का मधीच बोलली."

"लाइव्ह हाय की, बाई," अण्णा म्हणाले. "आमची अक्का बी त्या दिशी लंडनला हुती म्हनायचं."

मी पायरीवर बसून रडले. अक्कांनी पाणी आणून दिलं आणि वर मलाच झापलं, "येवडं काय वो! माजा आवाज चांगला आलाय की." पुढे तर पैपाहुणे आले की त्या स्वतःच म्हणायच्या, "लावा की वो ते लंडनचं."

काही वर्षांनी मी वारणानगरच्या कॉलेजात गेले. पेटी घेऊन गेले तरी महिन्या-दोन महिन्यांनी रविवारी दुकानात चक्कर व्हायचीच. नवीन शतक लागलं होतं. गल्लीतला गवळी गेला, पिशवीतलं दूध आलं. अण्णांचा मोठा मुलगा बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. आणि एका रविवारी मी दोनदा हाक मारली तरी अण्णांनी वर बघितलं नाही.

मोटार ऐकून "बरी हाय" म्हणून त्यांनी दिलेली एक मोटार नेसरीहून जळून परत आली होती. असं त्यांच्या हातून कधी झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तीस वर्षं ग्राइंडर आणि हातोडीत गेली, वरचे आवाज गेले, राहिलेलेही जातील. कानात मशीन आलं. अण्णा हसत म्हणाले, "थोरल्याला वरचं लागंना, मला वरचं ऐकू यीना. जोडी जमली की, बाई." मीही हसले. पण जिन्याखाली अक्कांनी मला धरलं. "दोन म्हैनं झालं टेप लावला न्हाय. लावू म्हनलं तर नको म्हनत्यात. म्हनत्यात, मशिनीतनं सगळं पत्र्यागत वाजतंय."

त्याच हिवाळ्यात मुलाचा फोन आला. ते चौघे बंगळूरला येत होते. मैदानात, संध्याकाळी. त्यानं तिकिटं काढून ठेवली होती.

मला वाटलं अण्णा उडी मारतील. ते मोटारीत मान घालून बसले. "पस्तीस वर्सं वाट बघितली. आता येऊन काय उपेग? म्हाताऱ्यानं गायाचं आनि भैऱ्यानं ऐकायचं. लोक हसतील." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमीच म्हनत हुता न्हवं, येळेवर थांबावं?"

माझंच वाक्य होतं. इतक्या वर्षांत ते मला एवढं वाईट कधीच ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, "मी चुकत होते, अण्णा." त्यांनी पुन्हा मोटारीत मान घातली. तेव्हा आतून अक्का आल्या, हात पुसत.

"मी जातो," त्या म्हणाल्या. कोल्हापूरच्या बायका असंच बोलतात, आणि असं बोलल्या की ते ठरलेलं असतं. "माजा आवाज हाय त्या गान्यात. मला बघू द्या की कोन लोक हायत ती. तुमी ऱ्हावा घरी."

आम्ही तिघंही गेलो.

मैदानाच्या दारात पहारेकऱ्यानं पिशवी अडवली. आत खायचं न्यायला बंदी. अक्का कानडीत सुरू झाल्या. त्यांनी त्याचं गाव विचारलं, आईची चौकशी केली, सकाळपासून तो जेवलाय का ते विचारलं आणि एक धपाटं त्याच्या हातात ठेवलं. त्यानं "अव्वा, होगी" म्हणून आत जायला वाट दिली. डब्यात धपाट्यांच्या खाली माझा छोटा टेपरेकॉर्डर होता. अण्णांना ऐकू आलं नाही तर निदान कॅसेट तरी असावी म्हणून मीच आणला होता. "ह्या वक्ती दोन्ही बटनं नीट दाबा बरं का," अण्णा म्हणाले. जाण्याचं ठरल्यापासून त्यांनी केलेली ही पहिली थट्टा.

लोखंडी कठड्याला टेकून आम्ही उभे राहिलो. भोवती सगळी पोरं, आमच्या निम्म्या वयाची. आणि ते चौघे आले. थोरला केसांनी पांढराशुभ्र, जपून पावलं टाकत. धाकट्यानं येताच स्टूल ओढून घेतलं. पैलवान सुकलेला. मुका मात्र तसाच मुका. अक्का निरखून बघत म्हणाल्या, "आमच्या भाऊजींगत दिसतोय की वो थोरला!"

पहिल्याच दणक्याला अण्णांच्या कानातलं मशीन शिट्टी मारायला लागलं. त्यांनी ते काढून खिशात टाकलं. क्षणभर ते नुसते उभे होते, जत्रेत चुकलेल्या माणसासारखे. मग त्यांनी कठड्याच्या पाइपावर हात ठेवला. तसाच ठेवून राहिले. हळूच वाकले आणि कानामागचं हाड त्या लोखंडावर दाबून डोळे मिटले. हाडातून आवाज जातो, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवत आले होते. ते असं बघितलं नव्हतं. थोड्या वेळानं ते डोळे मिटूनच बोलू लागले. "पैलवान घाई करीना आता... मुका झकास... धाकट्याची तिसरी तार उतरल्या." पोरं वळून वळून बघत होती. मला कसलीच लाज वाटली नाही.

शेवटचं गाणं आलं. अण्णांचं बोट वर गेलं. मी डब्यात हात घालून दोन्ही बटणं दाबली, लाल दिवा बघितला, कॅसेट फिरतेय तेही बघितलं. गाणं चढत गेलं. वाद्यं थांबली.

आणि थोरल्यानं माइक पुढे करून पब्लिककडे धरला. तो सूर आता त्याच्याकडे नव्हता. तुम्ही घ्या, म्हणाला हातानं. पोरांना गाणं माहीत नव्हतं. कुणी फोटो काढत होतं, कुणी नुसतंच बघत होतं. मैदान गप्प.

अण्णांचे डोळे मिटलेले. बोट तसंच वर. लोखंडातून सूर येईल म्हणून ते थांबले होते, आणि लोखंडात काही येत नव्हतं. आपले कान आता पुरतेच गेले असं त्यांना वाटलं असणार. त्यांचं बोट हळूहळू खाली यायला लागलं. ते मला बघवेना.

अक्कांनी ते बघितलं. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरला, पोटात हवा भरून घेतली आणि गल्लीच्या टोकापर्यंत जायची तशी हाक मारली.

"बाई, दूध आलंय! भांडं आणा!"

आजूबाजूची पोरं दचकली, मग हसली, मग शिट्ट्या आणि टाळ्या सुरू झाल्या आणि त्या पसरत गेल्या. पैलवानानं काठी मारली, गाणं पुढे निघालं. थोरला आपल्याकडे बघून हसला असं अक्कांचं म्हणणं आहे. मला तसं काही दिसलं नव्हतं, पण मी वाद घातला नाही. मी अण्णांकडे बघत होते. त्यांनी डोळे उघडले होते आणि गालावरून पाणी वाहत होतं.

"आलं," ते म्हणाले. "आलं ऐकू."

पुढच्या महिन्यात पेटी घेऊन मी कोल्हापूरला गेले. दुकानात अण्णा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेपरेकॉर्डरच्या स्पीकरवर टेकवून, मूठ हाडावर दाबून बसले होते. मला बघून बोट वर केलं. मी थांबले. डब्यातून केलेलं रेकॉर्डिंग, धपाट्यांखाली बसून ऐकावं तसंच होतं. फक्त अक्कांचा आवाज स्वच्छ.

मग पेटीवर पट्टी काढली. थोरला पांढरी चारवर आला होता. अण्णांनी ती लिहिली. "आनि अक्काची?" म्हणाले. तीही काढली. काळी पाच. अक्कांना केवढा आनंद झाला.

चिठ्ठी तारेनं बांधून त्यांनी ती लंडनच्या शेजारच्या खिळ्याला अडकवली आणि हात पुसत मोटारीकडे वळले. मी जवळ जाऊन वाचली. गाव : बंगळूर. नाव : चौघं आनि अक्का. एचपी : थोरला पांढरी चार, अक्का काळी पाच.

तक्रार : न्हाय.